आबांच्या मागचा पहिला नाताळ: कढई चढवावी का, आणि फेरी कोणाच्या दारातून सुरू करावी?

पूर्णाकाठ
५ डिसेंबर

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

नाताळ वीस दिवसांवर आला आहे. दरवर्षी एव्हाना माझ्या माहेरी अनारशांचे तांदूळ निवडून झालेले असतात, चांदणीसाठी बांबूच्या कामट्या तासून ओसरीत टाकलेल्या असतात आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, पेटी उघडून कोणती पट्टी अडकते, भाता कुठे उंदराने कुरतडला आहे, ते पाहत बसलेले असतात. यंदा आबा नाहीत. आषाढात, पेरणी आटोपून पावसाने उघडीप दिली असताना, ते गेले. त्यामुळे घरात दोन प्रश्न उभे राहिले आहेत आणि वडीलधाऱ्यांपैकी कोणीच त्यांचे ठाम उत्तर देत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी इतके खारट की त्यात डाळ शिजत नाही. कापूस, तूर आणि हरभरा ही आमची पिके, आणि आमचा नाताळ या पिकांच्या हाताने चालत येतो. आगमनकालाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या वाट पाहण्याच्या आठवड्यांचा, पहिला रविवार नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी येतो, तेव्हा कापसाची वेचणी भरात असते आणि उपासनेला येणाऱ्या बायकांच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असतात. कापूस विकून पैसे हाती आले की मुलांचे कपडे शिवायला टाकायचे, गूळ, साखर, रवा, मैदा भरायचा. पुढे तुरीच्या शेंगा भरतात, सोले निघू लागतात आणि घरोघरी सोल्यांची आमटी शिजते, तेव्हा आम्हां मुलांना कोणी सांगावे लागत नसे की आता पंधरा दिवस उरले.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. बाबांचे जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यातले, त्यामुळे त्या दिवशी आमचे सारे गाव खराटे घेऊन निघते आणि गल्ल्या, नाल्या, चावडीपुढची जागा लख्ख होते. आबा दरवर्षी म्हणत की आपल्या फेरीची वाट गाडगेबाबा झाडून देतात. म्हणून आमची नाताळची फेरी २१ तारखेच्या रात्री निघते आणि २४ तारखेपर्यंत चालते. पुढे गॅसबत्ती, तिच्या मागे पेटी, ढोलकी, टाळ आणि खंजिरी. रेव्हरंड टिळकांची दोन भजने, मग जन्माची गाणी, मग प्रार्थना, आणि घरधन्याने दिलेला चहा किंवा गूळ-शेंगदाणे. माझ्या लहानपणी गावात बारा ख्रिस्ती घरे होती, आज सात उरली आहेत. तरीही फेरी बावीस-तेवीस दारांत जाते, कारण ज्यांनी एकदा बोलावले त्यांचे दार आबांनी पुढे कधी चुकवले नाही, मग ते घर कोणाचेही असो.

आता पहिला प्रश्न. आमच्या मोठ्या आईचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या, थोरल्या वहिनीचे, म्हणणे असे की घरात माणूस गेले की वर्षभर तळण करायचे नाही, कढई चढवायची नाही. ही गावची रीत आहे आणि आमची ख्रिस्ती घरेही ती पिढ्यानपिढ्या पाळत आली आहेत. बाबूजींना वाटते की प्रभूच्या जन्माचा सण दुःखासाठी थांबवता येत नाही, पण वहिनीपुढे ते बोलत नाहीत. आजी दोघांचेही ऐकून घेते आणि तुरीच्या शेंगा सोलत बसते.

दुसरा प्रश्न मला अधिक जड वाटतो. फेरीची सुरुवात कुठून करायची याचा आबांचा एकच नियम होता: ज्या घरातले माणूस त्या वर्षी गेले असेल, त्या दारात सर्वांत आधी जायचे. त्या नियमाने यंदा फेरी आमच्याच दारातून सुरू झाली पाहिजे. आजवर आम्ही फेरीबरोबर बाहेर पडणारी माणसे. आता आमच्या ओसरीत कोणी उभे राहायचे आणि अंगणात कोणी गायचे? पेटी वाजवणारा तर दोन्हीकडे नाही.

अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजतात, मग वाळवणे, कुटणे, गूळ घालून पीठ मुरत ठेवणे. सारे धरून दहा-बारा दिवस जातात. म्हणजे कढईचा निर्णय या आठवड्यात व्हायला हवा. आपापल्या घरी काय करतात ते कृपया सविस्तर लिहावे.

सातपुडा पायथा
५ डिसेंबर

पूर्णाकाठताई, आबांच्या जाण्याचे वाचून वाईट वाटले.

मी परतवाड्याचा. आमच्या घरीही वर्षभर तळण न करण्याची रीत होती, परंतु ती मोडण्याचीही एक रीत होती, आणि ती तुमच्या उपयोगी पडेल असे वाटते. १९८७ साली आमची आजी दिवाळीच्या आधी गेली. त्या नाताळला आईने कढई माळ्यावर ठेवून दिली होती आणि आम्ही भावंडे हिरमुसून बसलो होतो. २३ तारखेला मूर्तिजापूरचे मोठे मामा आणि मामी शकुंतला या आगगाडीने अचलपूरला उतरले. मूर्तिजापूर ते अचलपूर हे ७६ किलोमीटरचे अंतर कापायला ती गाडी किती वेळ घेई हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्या काळी तिला वाफेचे इंजिन होते आणि मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाचे ठिपके पडलेले होते. त्यांच्याजवळ वनस्पती तुपाचा रिकामा केलेला पत्र्याचा मोठा डबा होता आणि त्यात करंज्या, शेव, शंकरपाळे काठोकाठ भरलेले होते.

मामांनी डबा ओसरीत ठेवला, पण उघडला नाही. आधी त्यांनी माळ्यावरून कढई काढायला लावली, स्वतः घासली, चुलीत बाभळीची लाकडे घातली, तेल ओतले, आणि मामीने पहिला घाणा सोडला. त्या घाण्यातल्या पाच करंज्या आईच्या ओटीत घातल्या आणि मगच डबा उघडला. आमच्याकडे याला कढई मोकळी करणे म्हणतात. घरच्या माणसाने पहिला घाणा सोडायचा नाही, बाहेरून आलेल्या जवळच्या माणसाने सोडायचा. त्यानंतर घरच्यांना मोकळीक. तुमच्या मोठ्या आईचे म्हणणेही राहील आणि बाबूजींचेही.

मामा आता नाहीत, आणि शकुंतलाही धावत नाही. त्या डब्यात आई आता गहू ठेवते.

बंडीवाट
६ डिसेंबर

यासंबंधी मंडळीतल्या पाळकसाहेबांना विचारले का? त्यांनी स्पष्ट सांगितले तर घरातल्या घरात कोणाला वाईटपणा येणार नाही.

आगमनकाल
६ डिसेंबर

मी निवृत्त पाळक आहे. माझे शिक्षण यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत झाले, ती संस्था १९८३ साली पुण्याला जाण्यापूर्वी. त्यानंतर वऱ्हाडातल्या खेड्यांतच सेवा केली, त्यामुळे हा प्रश्न मला दर दोन-तीन वर्षांनी कोणत्या ना कोणत्या घरात विचारला गेला आहे. मी काय उत्तर देत आलो ते सांगतो.

पवित्र शास्त्रात तळण करावे किंवा करू नये असा कोणताही नियम नाही. परंतु लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण मेंढपाळांपाशी येऊन थांबवतो, तो थोडा पुढे वाचावा. बाळ येशूला मंदिरात आणतात तेव्हा त्याला हातात घेणारा शिमोन मरणाची वाट पाहणारा माणूस आहे, आणि त्याच घटकेला तिथे येऊन देवाचे आभार मानणारी हन्ना ही विधवा आहे. लग्नानंतर सात वर्षांतच तिचा नवरा गेला आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, इतके तपशीलवार लूकने लिहून ठेवले आहे. जन्माच्या कथेत इतक्या जवळ जिला जागा मिळाली, तिचे दुःख सुवार्तिकाने झाकले नाही. म्हणून मी घरोघरी सांगत असे की दुःखाच्या घराने नाताळ टाळू नये, कढई चढवावी.

आता फेरीबद्दल. आबांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. अनेक मंडळ्यांत फेरी देणगीच्या हिशेबाने फिरते, मोठे घर आधी आणि लहान घर नंतर, आणि दुःखाच्या घराला तर वळसाच घातला जातो, कारण तिथे गाणे म्हणायला माणसे संकोचतात. त्या संकोचामुळे ज्या घराला सर्वांत जास्त गरज असते तेच घर अंधारात राहते. आबांचा नियम मोडू नका.

आगमनकालाविषयी एक आठवण या निमित्ताने लिहितो. २९ नोव्हेंबर १९७० या दिवशी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि सहा निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या. तो दिवस आगमनकालाचा पहिला रविवार होता. मी तेव्हा मुलगा होतो आणि वडिलांबरोबर गेलो होतो. परतताना वडील म्हणाले की वाट पाहायला बसायचे तर एका ओसरीत बसावे. त्या रविवारची मेणबत्ती लावताना मला आजही ते आठवते.

शेजारघर
७ डिसेंबर

मी ख्रिस्ती नाही, तरीही लिहितो, कारण फेरी ज्या दारांत जाते त्यांपैकी एक दार आमचे आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातले, घर कास्तकाराचे. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहते आणि आमच्या दोन घरांत दिवाळीला आमचा आणि नाताळला त्यांचा डबा जाणे-येणे माझ्या आजोबांपासून चालू आहे.

आदरणीय आगमनकाल यांच्याशी मी एका बाबतीत नम्रपणे असहमत आहे. शास्त्रात नाही म्हणून रीत सोडावी, असे मला वाटत नाही. वर्षभर तळण न करण्याच्या रीतीला एक दुसरी बाजू आहे: ज्याच्या घरी तळण नाही, त्याच्या घरी इतरांनी फराळ पोहोचवायचा असतो. एका घराची कढई थांबली की चार घरांच्या कढया त्याच्यासाठी चालतात. २०११ साली माझे वडील गेले. त्या दिवाळीला आमच्याकडे काहीच केले नाही, आणि खरे सांगायचे तर नातेवाइकांनीही फारसे काही आणले नाही, प्रत्येकाला वाटले दुसरा नेईल. डिसेंबरात शेजारच्या काकू परातभर अनारसे आणि करंज्या घेऊन आल्या. परातीवर धुवट पंचा झाकला होता. त्या आईला म्हणाल्या, "बाई, तुमची दिवाळी राहिली होती, ती आज घ्या." आई परात हातात घेऊन किती तरी वेळ दारातच उभी राहिली. तिने वडिलांच्या मागे प्रथम काही गोड खाल्ले ते त्या दिवशी. तुमच्या गावातही अशी घरे असतील. तुम्ही कढई चढवण्याची घाई केलीत तर त्यांना ही संधी मिळणार नाही, एवढेच माझे म्हणणे.

आणखी एक प्रसंग सांगतो. २००८ साली २५ डिसेंबरला गुरुवार होता आणि मार्गशीर्ष अजून संपला नव्हता. तो शेवटचा गुरुवार असल्याने आमच्या घरी महालक्ष्मीच्या व्रताचे उद्यापन होते. शेजाऱ्यांकडे नाताळच्या दुपारी मटणाचा रस्सा ठरलेला असतो आणि त्याचा वास भिंतीपलीकडे येतोच. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे पुरणपोळी आणि वडा-भात झाला. आम्ही काही बोललो नव्हतो. काकांनी कालनिर्णय पाहून आठवडाभर आधीच ठरवले होते. पाहुण्यांना त्यांनी सांगितले की रस्सा उद्या, शुक्रवारी. संध्याकाळी माझ्या बायकोने हळदीकुंकवाची फळे दिली तेव्हा काकू पदर सावरून पाटावर बसल्या, कुंकू न लावता फळे ओटीत घेतली, आणि निघताना लहान मुलीच्या हातात केकचा तुकडा ठेवून गेल्या.

तुमच्या फेरीची वाट तुमच्या सात घरांबाहेरही पाहिली जात असेल, हे मात्र खात्रीने लिहितो. आमची आई आता थकली आहे, पण २२-२३ तारखेला ढोलकीचा आवाज गल्लीच्या टोकाशी आला की ती अजूनही चहाचे आधण ठेवायला सांगते.

पूर्णाकाठ
७ डिसेंबर

शेजारघर, तुमचे लिहिणे मी आईला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की आपल्याकडेही आबांच्या वेळी शेजारच्या मावशींनी तेरा दिवस डबा पाठवला होता, आणि दिवाळीचा फराळ घेऊन त्या दारापर्यंत येऊन परत गेल्या, कारण घराला कुलूप होते. ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती.

सातपुडा पायथा, कढई मोकळी करण्याची रीत आमच्याकडे कोणी ऐकलेली नाही, पण मोठ्या आईला ती पटण्यासारखी वाटते.

केकची चर्चा कोणी काढली नाही, म्हणून मीच काढते, कारण केक तळणात येत नाही आणि निदान तो तरी निर्विवाद आहे. आमच्याकडे अजूनही तो वाळूवर होतो. मोठ्या पातेल्यात चाळलेली कोरडी वाळू चार बोटे, त्यावर केकचा डबा, वर जड झाकण आणि झाकणावर निखारे. पराटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचे निखारे भराभर राख होतात, म्हणून बाभळीचेच लागतात. वरचे निखारे खालच्या आचेपेक्षा जास्त हवेत, नाही तर केक तळाशी करपतो आणि मधोमध ओला राहतो. विकतच्या रंगीत चेरीऐवजी आई संत्र्याच्या सालींचा मुरंबा घालते. आंबिया बहाराची वरूड-मोर्शीकडची संत्री या दिवसांत मुबलक असतात. साली दोन पाण्यांत उकळून कडवटपणा काढायचा, मग बारीक चिरून साखरेच्या पाकात काचेसारख्या दिसेपर्यंत शिजवायच्या. दोन दिवस घरात त्याचाच वास असतो. आबा तो केक कापल्यावर आधी हुंगत.

तनस
८ डिसेंबर

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले कॅथलिक. आमच्याकडे घरोघरच्या फेरीपेक्षा गोठ्याला आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, अधिक महत्त्व आहे, म्हणून फेरीविषयी मी सांगू शकत नाही. पण दुःखाच्या वर्षी सण कसा मांडावा याबद्दल आमच्या घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो या गावी खऱ्या गवताचा आणि जनावरांचा गोठा मांडला. आपण मांडतो ते गोठे त्या परंपरेतले. आमचा धानाचा मुलूख, त्यामुळे डिसेंबरात मळणी होऊन घरोघर तनस पडलेली असते आणि गोठ्याच्या छपराला ती आयतीच मिळते. आमची आई गोठ्याभोवती शेत दिसावे म्हणून मातीच्या पणत्यांत गहू पेरते. १४-१५ तारखेला पेरले की नाताळपर्यंत वीतभर हिरवे कोंब येतात. घरात जितकी माणसे तितक्या पणत्या, हा तिचा हिशेब. कोणाची पणती कोणती ते ती सांगत नाही, पण पाणी घालताना तिचे ओठ हलतात, त्यावरून आम्हांला कळते.

बाबा गेले त्या वर्षी आम्ही घरात पाच माणसे उरलो होतो. पणत्या मात्र सहा होत्या. मोठ्या भावाने मोजल्या, माझ्याकडे पाहिले आणि तो काही बोलला नाही. त्यानंतर भावाचे लग्न झाले, मुले झाली, पणत्या वाढत गेल्या. त्या सहातली एकही कमी झालेली नाही.

सोलेभात
९ डिसेंबर

मी पुण्यात नोकरी करतो आणि गाव अकोला जिल्ह्यात आहे. आमच्याकडे २४ तारखेला एकच रात्र फेरी निघते, कारण आमच्यासारखी बाहेरगावची मुले त्याच दिवशी पोहोचतात. पूर्णाकाठताईंनी पेटीचा प्रश्न विचारला आहे, त्याबद्दल अनुभवाने सांगतो. आमचे पेटी वाजवणारे काका गेल्यावर दोन वर्षे आम्ही मोबाइलवर सूर लावून फेरी काढली. सूर लागत होता, पण गाणारी माणसे त्या सुराकडे पाहत नव्हती. पेटी वाजवणाऱ्याकडे पाहून सगळे एकदम उचलतात, ते राहून गेले. तिसऱ्या वर्षी बाराव्या वर्गातल्या चुलत बहिणीने दोनच भजने बसवली आणि तेवढीच प्रत्येक दारात वाजवली. लोकांना दोन भजनांचा कंटाळा आला नाही. कोणाला येत नसेल तर येईल तेवढेच वाजवावे, पण पेटी घरी ठेवू नये.

गॅसबत्तीचे मेंटल, म्हणजे आतली उजेड देणारी जाळी, आता सहज मिळत नाहीत. मिळाले तर चार एकदम घेऊन ठेवावेत. वाऱ्याने एक तरी फुटतेच.

पूर्णाकाठ
११ डिसेंबर

सर्वांचे मनापासून आभार. मी काल गावी जाऊन आले. शाळेला सुटी नव्हती, तरी रजा टाकली.

रात्री जेवणे झाल्यावर सगळे ओसरीत बसलो होतो. थंडी चांगलीच पडली आहे, म्हणून घमेल्यात शेकोटी केली होती. मी या धाग्यातली एकेक गोष्ट वाचून दाखवली. मोठ्या आईने मामांच्या डब्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. हन्नेचा भाग आला तेव्हा बाबूजींनी पवित्र शास्त्र काढून तो अध्याय मोठ्याने वाचला. आजी नेहमीप्रमाणे सोले निवडत होती.

मग मी आजीला सरळ विचारले की आबा फेरी दुःखाच्या दारातून का सुरू करत. मला वाटले होते की हा त्यांचा स्वतःचा विचार असेल. आजी म्हणाली की तो त्यांच्या वडिलांचा. आबांचे वडील १८९९-१९०० च्या दुष्काळात आई-बाप गेल्यावर मिशनच्या अनाथालयात वाढले. तिथे नाताळला मुलांना नवे सदरे मिळत, मिठाई मिळे, गाणी होत, परंतु सणाला कोणी आपले म्हणून भेटायला येत नसे. मोठे होऊन ते या गावात आले, वावर ठोक्याने केले, घर बांधले, आणि पहिल्या नाताळला टाळ घेऊन एकटेच निघाले. त्या वर्षी तापाच्या साथीत ज्या घरातले दोन मुलगे गेले होते, त्या घरासमोर जाऊन उभे राहिले. ते घर ख्रिस्ती नव्हते. गाणे म्हटले, रामराम केला आणि परत आले. दुसऱ्या वर्षी त्या घरातल्या माणसाने ढोलकी आणली. आमच्या फेरीतली ढोलकी आजही त्याच घरातून येते, हे मला लहानपणापासून माहीत होते. ती का येते, हे काल कळले.

ओसरीत कोण आणि अंगणात कोण, याचे उत्तरही आजीनेच दिले. ती आणि मोठी आई ओसरीत बसतील आणि बाकी सगळ्यांनी चावडीपाशी जाऊन तिथून फेरी घेऊन यायचे, स्वतःच्या दारात परक्यासारखे उभे राहायचे आणि हाक मारायची. बाबूजींना ते थोडे जड गेले, पण त्यांनी मान डोलावली. पेटी माझा धाकटा चुलत भाऊ वाजवेल. त्याला दोनच भजने येतात आणि मधल्या सप्तकातला एक सूर अजून अडकतो. सोलेभात यांच्या सांगण्यावरून आम्ही तेवढ्यावरच निघणार आहोत. मेंटल दर्यापुरात तीन मिळाले.

कढईचा प्रश्न उरला होता. मोठी आई म्हणाली की बाहेरच्या माणसाने पहिला घाणा सोडला तर तिची हरकत नाही, मात्र ते माणूस कोण हे ठरवा. आजीने हातातले सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "दिवाईले दारातून वापस गेली ना ती, तिलेच बोलवा." शेजारच्या मावशींना आईने रात्रीच जाऊन सांगितले. त्या २२ तारखेला सकाळी येणार आहेत. त्यांनी आईला विचारले म्हणे की अनारसे हाताला जमतील का, कारण आजवर त्यांनी आमचे अनारसे खाल्लेच आहेत, केलेले नाहीत. खसखशीकडची बाजू वर ठेवून, पलटवायचे नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे, असे आईने त्यांना समजावले आणि पिठाची जबाबदारी आपल्याकडे ठेवली.

आज पहाटे साडेपाचला मी अमरावतीच्या गाडीसाठी उठले तेव्हा आजी आधीच मोरीपाशी बसली होती. दोन शेर तांदूळ धुऊन तिने पितळी गंजात घातले होते. विहिरीचे खारे पाणी अनारशाला चालत नाही, पीठ विसविशीत होऊन अनारसा तुपात हसतो, असे ती म्हणते, म्हणून जारचे गोडे पाणी तिने ओंजळीने मोजून ओतले, वर ताट झाकले आणि ताटावर आबांचा चष्मा ठेवण्याचा लाकडी डबा वजन म्हणून ठेवला. मांजर ताट सरकवते, म्हणाली.

उद्या पहाटे पहिले पाणी बदलायचे आहे.